एका मीटरवरचे दोन दिवे

दिवाळीतली चोपडापूजनाची संध्याकाळ बडोद्यात अजून पाहण्यासारखी असते. मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत पेढ्या आणि दुकाने झाडूनपुसून तयार होतात, लाल पुठ्ठ्याच्या वह्यांवर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले जातात. खरा हिशेब आता संगणकात असतो आणि पूजेला मांडलेली वही पुष्कळदा वर्षभर कोरीच राहते, ही गोष्ट वेगळी. एके काळी या पूजेला कायद्याचेही पाठबळ होते. प्राप्तिकरासाठी आपले हिशेबी वर्ष कोणते धरायचे हे व्यापाऱ्याला ठरवता येत असे आणि गुजरातेत कित्येकांचे वर्ष दिवाळी ते दिवाळी चाले. १९८९-९० या करआकारणीच्या वर्षापासून सर्वांना ३१ मार्च ही एकच सीमारेषा आखून मिळाली आणि लक्ष्मीपूजनाचा हिशेबाशी असलेला संबंध केवळ श्रद्धेपुरता उरला.

त्या जुन्या वह्यांतली दोन खाती मला नेहमी विचार करण्याजोगी वाटत आली आहेत. एक ‘घरखर्च’ आणि दुसरे ‘उपाड’. उपाड म्हणजे मालकाने स्वतःसाठी धंद्यातून केलेली उचल. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे एक लाकडी जिना, अशी घराची रचना असे. जिन्यावरून गुळाची ढेप वर गेली की ती मालकाच्या नावे उपाडात पडे. माल आपला, घर आपले, खाणारी मुलेही आपलीच, तरीही लिहायचे. हा केवळ काटेकोरपणा नव्हता. जिना चढताना वस्तूचे नाते बदलते, एवढे भान त्या लिहिण्यात होते.

आज तो जिना नाहीसा झाला आहे. दुकान आणि बिऱ्हाड एकाच मजल्यावर, एकाच खोलीत, पुष्कळदा एकाच टेबलावर आले आहे. माझा एक जुना विद्यार्थी भाषांतराचे काम करतो. औषधांची माहितीपत्रके, कोर्टाचे कागद, कंपन्यांची सूचनापत्रे तो गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांत इकडची तिकडे करतो. दुभाषी प्रदेशात वाढण्याचा असा रोकड उपयोग करून घेणारी माणसे थोडी. त्याने एकदा मला विचारले, “सर, घरच्या लाइटबिलातला किती भाग धंद्याचा म्हणून लिहावा? सी.ए. म्हणतात, अर्धा लिहून टाका, सगळेच लिहितात. कायद्यात बसतं हो, पण मनात बसत नाही.”

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. दोन महिन्यांचे बिल तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाचे अठरा हजार. अर्धा भाग लिहिला तर नऊ हजार, पाव लिहिला तर साडेचार. फरक साडेचार हजारांचा, आणि वीस टक्क्यांच्या पायरीवर त्यातून वाचणारा कर फक्त नऊशे रुपये. एवढ्यासाठी कुणाचे मन खावे, असे कुणी म्हणेल. मला मात्र वाटते की रक्कम लहान असली की नीतीचा प्रश्न उलट अधिक स्वच्छ दिसतो. लाखाचा मोह असेल तर आपण माणसाच्या गरजेविषयी, परिस्थितीविषयी, सरकारच्या उधळपट्टीविषयी बोलू लागतो. नऊशे रुपयांत त्याला जागा नसते. ‘सगळेच लिहितात’ या दोन शब्दांना तर मी शाळेत तीस वर्षे ओळखून आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ३७ असे सांगते की जो खर्च भांडवली नाही, वैयक्तिक नाही आणि पूर्णपणे व केवळ धंद्यासाठी झाला आहे तो वजा मिळेल. ‘पूर्णपणे’ आणि ‘केवळ’ या दोन शब्दांनी घर जवळजवळ बाहेरच टाकले जाते. पण पुढच्याच कलमात, ३८ मध्ये, कायद्याला घराची आठवण होते. जागेचा काही भाग राहण्याकडे आणि काही भाग धंद्याकडे असेल तर वाजवी प्रमाण पाहावे, असे ते म्हणते. लाइटबिलालाही व्यवहारात हाच न्याय लावतात. २०२५ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या कायद्यानेही मूळ तत्त्व बदललेले नाही. तेव्हा घरी बसून काम करणाऱ्याने विजेचा हिस्सा मागणे यात चोरी नाही. तो त्याचा हक्क आहे. अडचण ‘वाजवी’ या शब्दाची आहे. अधिकारी काही घरी येऊन पंखा किती तास फिरतो हे पाहत नाही. सत्य एकट्यालाच ठाऊक, आणि लिहिणाराही तोच.

काही ठिकाणी कायद्याने हा सदसद्विवेकाचा प्रश्नच ठोक भावाने विकत घेऊन टाकला आहे. डॉक्टर, वकील, इंजिनियर, वास्तुशिल्पी अशा ठरावीक व्यावसायिकांना २०१६-१७ या आर्थिक वर्षापासून एक सोय आहे. मर्यादेत असलेल्या जमेचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून मान्य करायचा आणि खर्चाचा तपशील सांगायचाच नाही. त्यात लाइटबिलही आले, चहाही आला, मनातली चुळबुळही आली. भाषांतरकार त्या यादीत नाही, म्हणून माझ्या विद्यार्थ्याला हिशेब चुकला नाही. इंग्लंडात घरून धंदा करणाऱ्याला तासांवर ठरलेली रक्कम घेता येते. महिन्याला २५ ते ५० तास काम असेल तर १० पौंड, ५१ ते १०० तासांना १८ आणि त्यापुढे २६. अमेरिकेत २०१३ पासून चौरस फुटाला ५ डॉलर असा सोपा दर आहे, तोही ३०० चौरस फुटांपर्यंतच. पण तिथे ती जागा केवळ कामासाठीच राखलेली असावी लागते. ज्या टेबलावर मुले जेवतात ते टेबल तिथे कचेरी होत नाही. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घराने हा नियम कसा पाळावा, हे त्या देशाला विचारण्यात अर्थ नाही.

हा विषय निघाला की चाणक्याच्या दोन दिव्यांची गोष्ट कुणीतरी सांगतेच. रात्री राज्याचे काम करताना तो एक दिवा लावतो; भेटीला आलेल्या माणसाशी घरगुती बोलणे सुरू झाले की तो विझवून दुसरा लावतो, कारण पहिल्यात राज्याचे तेल आणि दुसऱ्यात स्वतःचे. ही कथा इतिहासात शोधू नये. अगदी अशीच गोष्ट खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांच्याविषयीही सांगतात. परिपाठात मी ती मुलांना कितीदा तरी सांगितली आहे आणि मुलांना ती आवडते, कारण तीत सगळे दिसते: दोन दिवे, दोन तेले, मधे एक फुंकर. पण विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर मला त्या गोष्टीतला सोपेपणा जाणवू लागला. चाणक्याला दोन दिवे ठेवता आले. आमच्या घरात मीटर एक. ज्या ट्यूबलाइटखाली बाप कोर्टाच्या समन्सचे भाषांतर करतो त्याच उजेडात मुलगी गणिते सोडवते. कोणती फुंकर मारायची? मुलीला दुसऱ्या खोलीत पाठवले तर दुसरा दिवा लागेल, म्हणजे खर्च वाढेल; हिशेब स्वच्छ झाला म्हणून घर शहाणे झाले असे होत नाही.

मी त्याला म्हटले, नीती नंतर, आधी गुणाकार करू. एक हजार वॉट एक तास चालले की एक युनिट. त्याचा संगणक दीडशे वॉटचा धरला, दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस, तर तीस युनिटे. पंचाहत्तर वॉटचा पंखा त्याच हिशेबाने पंधरा. वीस वॉटची ट्यूब चार. महिन्याला एकोणपन्नास, दोन महिन्यांच्या बिलात अठ्ठ्याण्णव. बिल चारशे युनिटांचे. म्हणजे साधारण पाव हिस्सा. ‘सगळेच लिहितात’ तो आकडा सत्याच्या दुप्पट निघाला, हे कळायला नीतिशास्त्र लागले नाही. सातवीचे गणित पुरले.

पण मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि गणित वितळू लागते. एसी तासाला दीड युनिट खातो असे धरले तर आठ तासांनी महिन्याला तीनशे युनिटे होतात. आता कामाचा हिस्सा एकदम निम्म्याच्या पुढे जातो. खरोखर जातो का? तो एसी कामाच्या खोलीत आहे, पण दुपारी आईही तिथेच येऊन पडते. तिच्या येण्याने युनिट वाढत नाही. काम नसते तर एसी लागला असता का, ही एक कसोटी. तो म्हणाला, “आईसाठी लावला असता, पण तीन तास.” तर मग तीन तास घराचे, पाच तास कामाचे. दुसरी कसोटी अशी, की हा खर्च करताना मनात हेतू कोणता होता? इथे मात्र मोठमोठ्यांची तारांबळ झाली आहे.

१९८३ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर ॲन मॅलेल्यू या वकील बाईंचा खटला आला. कोर्टात घालायचे काळे कपडे त्या एरवी कधी वापरत नसत. त्यांचा खर्च धंद्याचा म्हणून मिळावा, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने ते मानले नाही. त्यांच्या मनात केवळ धंदा होता हे खरे असले, तरी ऊब आणि लज्जारक्षण हाही कपड्यांचा हेतू असतोच, असा तो न्याय. आपल्याकडे माजी कायदामंत्री शांतिभूषण यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च वकिली व्यवसायातून वजा मागितला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो नाकारला. हृदय वकिलालाच काय, प्रत्येकालाच लागते. त्याला धंद्याचे यंत्र म्हणता येत नाही. या दोन्ही निकालांत बुद्धीचा खेळ आहे, पण त्यापलीकडे एक साधी गोष्ट आहे, की माणूस पोटासाठी काम करीत असला तरी तो सगळाच्या सगळा कामाचा नसतो. काही भाग घराने राखून ठेवलेला असतो. पंख्याचा वारा अंगाला लागतो तेव्हा तो भाषांतरकाराच्या अंगाला लागतो की मुलीच्या बापाच्या, हे पंख्याला माहीत नसते.

खासगी आणि सार्वजनिक यांच्यामधली ही रेघ मराठी माणसाला नवी नाही. ‘खासगी’ हा शब्दच मुळी आपल्याला हिशेबातून परिचयाचा झाला. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ वेगळी आणि ‘खासगी’ वेगळी होती. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर झाली, आणि अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळे बांधली ती या खासगीच्या पैशातून, असे अभिमानाने सांगितले जाते. आमच्या बडोद्याने उलट उदाहरणही पाहिले आहे. सोन्याच्या तोफा ओतवणाऱ्या मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये गादीवरून दूर केले गेले. पुढे दिवाण सर टी. माधवराव यांच्या कारभारात आणि नंतर सयाजीरावांच्या राज्यात खर्चाला वळण लागले. राजवाड्याच्या खर्चाला ‘खानगी’ हे निराळे खाते होते. राजाने खाती वेगळी ठेवायची म्हणजे स्वतःचा हात आवरायचा. घरून धंदा करणारा माणूस आपल्या टेबलापुरता राजाच आहे. त्याच्यावर दिवाण मात्र कुणी नाही.

इथवर आपण फक्त जास्त लिहिण्याच्या मोहाविषयी बोललो. मला अधिक गंभीर वाटतो तो दुसरा प्रकार, ज्याच्याविषयी कुणी बोलत नाही: कमी लिहिणे, किंवा मुळीच न लिहिणे.

आमच्या शेजारच्या वहिनी चकल्या, अनारसे आणि पुरणपोळ्या करून विकतात. दांडिया बाजारातली मराठी घरे पांगली, सुना नोकरीला लागल्या आणि दिवाळीचा फराळ आपसूक वहिनींकडे आला. मी एकदा सहज विचारले की किलोचा भाव कसा ठरवता? त्यांनी भाजणी, तेल, तूप, गूळ, पिशव्या असा पैन्‌पै हिशेब तोंडपाठ सांगितला. गॅस? “तो काय, घरातलाच आहे.” मिक्सर, फ्रिज, पहाटे चारपासूनचा दिवा? “लाइटबिल तर एरवीही येतंच की.” सासूबाई सोऱ्या फिरवतात त्याचे? यावर त्या हसल्या.

हा हिशेबही खोटाच आहे. फक्त तो कुणाला बुडवत नाही असे वाटते, म्हणून त्याला आपण साधेपणा म्हणतो, सात्त्विकता म्हणतो. पण गॅस जळतोच. तो वहिनींच्या यजमानांच्या पगारातून जळतो, घरातल्या दुसऱ्या कुठल्या गरजेतून जळतो, आणि त्याचा फायदा किलोमागे चार पैसे कमी देणाऱ्या गिऱ्हाइकाला होतो. त्या गिऱ्हाइकांत मीही आहे. माझ्या विद्यार्थ्याने पाव भागाचा अर्धा केला असता तर सरकारचे नऊशे रुपये गेले असते. वहिनी पाव भागाचे शून्य करतात, तेव्हा वर्षाला किती जातात हे कुणी मोजलेलेच नाही. जास्त लिहिणाऱ्याला निदान नोटिशीची भीती असते. कमी लिहिणारीकडे कोणतेच खाते चौकशीला येत नाही.

आणि लिहायचे म्हटले तरी वाट सरळ नाही. घरगुती दराचा गॅस धंद्याला वापरू नये असा नियम आहे, १४.२ किलोचे सिलिंडर घरासाठी, १९ किलोचे व्यापारासाठी. नळाच्या गॅसलाही घरगुती आणि व्यापारी असे दोन दर आहेत. वीज कंपनीचेही तेच, महापालिकेच्या वेऱ्याचेही तेच. म्हणजे वहिनींनी प्रामाणिकपणे ‘गॅस इतका’ असे लिहिले की त्या लिहिण्यातूनच दुसऱ्या एका नियमाचा भंग कबूल होतो. वीज कंपनीला सांगायचे ‘हे घर आहे’, प्राप्तिकराला सांगायचे ‘ही कचेरी आहे’, आणि पालिकेचा माणूस आला की पुन्हा घर. हे एकाच तोंडाने कसे बोलायचे? माझे मत असे की यात नेहमीच ढोंग असते असे नाही. चार डबे करणारी बाई आणि स्वयंपाकघरात चार नोकर ठेवून उपाहारगृहांना माल पुरवणारा माणूस यांना एकाच तराजूत घालणारा नियम आधी अपुरा आहे. पण नियम अपुरा आहे म्हणून माझा आकडा बरोबर ठरत नाही. (शिक्षकांच्या घरच्या शिकवण्यांबद्दल बोलायचे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला खासगी शिकवणी मनाच केली आहे, तेव्हा त्या खोलीतले लाइटबिल घरातही लिहिता येत नाही आणि धंद्यातही नाही. ते तसेच अधांतरी जळते.)

सीमाभागातल्या वाचकांना हे सांगायला नको. तुमच्याकडे बिल कानडीत येते, आमच्याकडे गुजरातीत. मीटर सारखेच फिरते. निपाणीच्या परिसरात कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या सूप मांडीवर घेऊन बिड्या वळल्या गेल्या. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिड्या वळणारीलाही कामगार मानले, ही मोठी गोष्ट. पण मजुरी हजार बिड्यांवर ठरते. संध्याकाळनंतर ज्या दिव्याखाली ती वळते त्याचे तेल पूर्वी आणि वीज आता कुणाची, हे त्या हजारात कुठे शोधायचे? मुंबईत १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन लिज्जत पापड सुरू केले, त्यातही पापड लाटले गेले ते घरोघरच्या पोळपाटांवर. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ उभी केली ती अशाच, घर हाच कारखाना असलेल्या बायकांना घेऊन. घरी काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने स्वतंत्र करार केला, तोवर जगाच्या हिशेबात हे घर नव्हतेच म्हणा ना.

गंमत अशी, की हा बायकांचा प्रश्न आहे असे समजणाऱ्या पुरुषांवर तो २०२० मध्ये उलटला. साथीच्या काळात कंपन्यांनी कचेऱ्यांना कुलपे लावली आणि दिवे घरोघर लागले. कचेरीचे बिल उतरले, घराचे चढले. नोकरदाराला प्राप्तिकरात लाइटबिल वजा मिळत नाही. त्याला सरसकट प्रमाणित वजावट, ती तेव्हा पन्नास हजार रुपये होती, आणि तीत सगळे आले. हजारो जणांनी वर्ष-दोन वर्षे मालकाची वीज आपल्या मीटरवर जाळली आणि ‘जाण्यायेण्याचा त्रास वाचला’ म्हणून समाधान मानले. वहिनींचे ‘घरातलाच आहे’ हे वाक्य तेव्हा एकाएकी किती घरांत ऐकू आले असेल.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी एक छोटे मीटर आणले. भिंतीतल्या प्लगला लावायचे आणि त्यावर संगणक चालवायचा. महिन्याला तीस धरली होती, ती सव्वीस भरली. पंखा आणि ट्यूब त्याने माझ्या गुणाकाराने लिहिली, एसीचे पाच तास फक्त एप्रिल ते जून लिहिले, आणि एका साध्या वहीत हे सगळे मांडून ती सी.ए.कडे दिली. सी.ए.ने वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “इतकं कुणी करत नाही हो.” पण आकडा घेतला. घरी बायकोने तीच वही वाचली. तिने विचारले, की दिवसातून चार वेळा त्याच्या टेबलावर जाणारा चहा कोणत्या खात्यात आहे? तिचा प्रश्न मला सर्वांत कायदेशीर वाटला. त्याने तो मला विचारला आणि मी त्याला तो परत तिच्याकडेच नेऊन दिला.

वहिनींनी या वर्षी चकलीला किलोमागे वीस रुपये वाढवले. दोन घरांनी फराळ दुसरीकडे दिला. तिसऱ्या घरच्या बाईंनी कारण विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “लाइटबिल.” त्यांच्या हिशेबाच्या वहीत आता तेल-तुपाच्या पुढे दोन नवे रकाने आखलेले आहेत. एकावर लिहिले आहे ‘गॅस-लाइट’, त्यात आकडे पडू लागले आहेत. दुसऱ्यावर नुसतेच ‘आई’ असे लिहिले आहे. सासूबाई म्हणतात खोडून टाक. वहिनींनी खोडलेला नाही, आणि भरलेलाही नाही.